परदेशात फुकट किंवा कमी पैशांत व्हॉलंटिअरिंग: कुठे शोधायचं, काय विचारायचं, कुठे सावध राहायचं

परदेशात व्हॉलंटिअरिंग असं सर्च केलं की पहिल्या पानावर जे येतं ते जवळपास सगळं पैसे भरून करायचं असतं. दोन आठवडे कासवं वाचवा, तीन आठवडे मुलांना शिकवा आणि त्यासाठी भलीमोठी फी भरा, वर विमानाचं तिकीट वेगळं. मग कुणालाही वाटणारच की काम आपण करणार, घाम आपला, आणि पैसेही आपणच का भरायचे? प्रश्न रास्त आहे, पण "सगळे लुटारू आहेत" एवढ्यावर तो मिटत नाही. तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या झोपण्याचा, जेवणाचा, इन्शुरन्सचा आणि तुम्हाला काम शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेचा खर्च कुणीतरी करतंच. तो तुम्ही केलात तर प्रोग्राम पेड, दुसऱ्याने केला तर फ्री, इतकं सरळ आहे ते.

म्हणून फुकटचं शोधताना विचारायचं हे की माझा खर्च कोण उचलेल आणि त्याने तो का उचलावा. सरकार किंवा एखादा फंड उचलतो, कारण ती त्यांची योजनाच असते. संस्था उचलते, कारण तुमच्याकडे त्यांना हवं असलेलं कौशल्य असतं. होस्ट उचलतो, कारण बदल्यात तुम्ही रोज काही तास काम करता. किंवा मग तुम्ही इतके महिने थांबता की तुम्हाला शिकवायला गेलेला वेळ भरून निघतो. यातलं एकही कारण तुमच्या बाबतीत लागू होत नसेल, म्हणजे दहा दिवस सुट्टी आहे, खास काही येत नाही आणि हत्तींबरोबर राहायचंय, तर फुकट मिळणार नाही हे आधीच मान्य केलेलं बरं.

पहिली पायरी: देश नंतर, आधी स्वतःकडे बघा

बहुतेक जण देशापासून सुरुवात करतात, मला पेरूला जायचंय, मला आइसलँडला जायचंय वगैरे. उलटं करा. कागदावर चार गोष्टी लिहा: पासपोर्ट कुठला, वय किती, वेळ किती, आणि येतं काय.

पासपोर्ट सगळ्यात वर का, तर पूर्ण खर्च उचलणाऱ्या बऱ्याच योजना फक्त ठराविक देशांच्या लोकांसाठी असतात आणि हे लोकांना फॉर्म अर्धा भरून झाल्यावर कळतं. अमेरिकेची पीस कॉर्प्स १९६१ पासून चालू आहे, सगळा खर्च मिळतो, पण फक्त अमेरिकन नागरिकांना. जपानची जायका ही संस्था चालवते ती तरुणांना परदेशी पाठवायची योजना १९६५ पासूनची आहे, ती फक्त जपानी नागरिकांसाठी. युरोपियन सॉलिडॅरिटी कॉर्प्स तर ऐकायला स्वप्नवत आहे, १८ ते ३० वय, प्रवासाला पैसे, राहणं, जेवण, इन्शुरन्स आणि वर पॉकेट मनी, एक वर्षापर्यंत, पण ती मुख्यतः युरोपियन युनियनमध्ये आणि त्यांच्या आसपासच्या काही भागीदार देशांमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, तिथे तुम्ही कायदेशीरपणे कुठे राहता यालाही महत्त्व असतं, त्यामुळे शिकायला किंवा नोकरीला युरोपात असाल तर एकदा नक्की चेक करा.

वेळेचं गणित साधं आहे. जितका जास्त वेळ, तितका कमी खर्च. दोन-तीन आठवडे असतील तर वर्ककॅम्प (वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी गटाने करायचं काम, पुढे सांगतो) किंवा शेतावरचं काम, दोन-तीन महिने असतील तर होस्टेल, फार्म, आपत्ती निवारणाचे प्रोजेक्ट, रिसर्चवाल्यांना फील्डवर मदत, आणि सहा महिने ते वर्षभर असेल तरच पॉकेट मनी देणारे पर्याय उघडतात.

कौशल्याच्या कॉलममध्ये लोक स्वतःला फार कमी लेखतात. नर्सिंग, हिशोब, सुतारकाम, प्लंबिंग, वायरिंग, गाड्या दुरुस्त करणं, फोटो-व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट, दोन-तीन भाषा, पन्नास माणसांचा स्वयंपाक न घाबरता करता येणं, हे सगळं लिहा. "मी मेहनती आहे आणि मला लोकांना मदत करायला आवडतं" हे कौशल्य नाही, ते सगळेच लिहितात.

दुसरी पायरी: व्हिसा, आणि तो आत्ताच

ही पायरी लोक शेवटी ठेवतात, तिकीट काढून झाल्यावर, आणि मग रडतात. पगार मिळत नाही म्हणजे ते काम नाही असं आपल्याला वाटतं, पण इमिग्रेशनवाल्यांना तसं वाटेलच असं नाही. बऱ्याच देशांत जेवण-राहणं हाच मोबदला धरतात. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवण्याच्या बदल्यात केलेलं शेतावरचं काम हे कामच मानलं जातं आणि त्यासाठी काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर कुठलंही काम चालत नाही, बिनपगारी सुद्धा. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटिअरिंग चालतं, त्याहून जास्त करायचं तर चॅरिटी वर्कर नावाचा वेगळा व्हिसा आहे, १२ महिन्यांपर्यंतचा, आणि त्यासाठी संस्थेकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट लागतं. अमेरिकेत बी-१ या थोड्या मुदतीच्या व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या सेवा प्रोग्राममध्ये काम करता येतं, पण एखाद्या होस्टेलमध्ये बेडच्या बदल्यात रिसेप्शन सांभाळणं त्यात बसत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आहे, त्यापुढे थांबायचं तर त्या-त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा. थायलंडमध्ये व्हॉलंटिअरसाठी नॉन-इमिग्रंट ओ हा व्हिसाचा प्रकार वापरतात.

नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या देशाच्या इमिग्रेशनची अधिकृत साइट उघडा, तिथे "व्हॉलंटिअर" शब्द टाका, जे येईल ते वाचा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. शंका असेल तर एम्बसीला लेखी ईमेल करा. आणि होस्ट म्हणाला की "एअरपोर्टवर फक्त फिरायला आलोय म्हणून सांग, सगळे तसंच करतात", तर तो होस्ट सोडा. पकडले गेलात तर परत तुम्हाला पाठवतील, शिक्का तुमच्या पासपोर्टवर बसेल आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, होस्टला काही होणार नाही.

तिसरी पायरी: कुठे शोधायचं

सगळ्यात सोपा दरवाजा म्हणजे कामाच्या बदल्यात राहणं-जेवण. वूफ हे नाव ऐकलं असेल, १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कोपार्ड यांनी सुरू केलं, शहरातल्या लोकांनी वीकेंडला सेंद्रिय शेतावर जाऊन काम करावं एवढीच मूळ कल्पना होती, आता ते जगभर आहे. साधारण अर्धा दिवस काम आणि बदल्यात जेवण-राहणं, पैशांची देवाणघेवाण नाही. मेंबरशिप बहुतेक देशांची वेगवेगळी असते, म्हणून आधी देश ठरवा आणि मगच फी भरा. वर्कअवे, हेल्पएक्स आणि वर्ल्डपॅकर्स हे त्याच जातीचे पण पसारा मोठा, शेतं तर आहेतच, शिवाय होस्टेलं, छोट्या संस्था, घर बांधणारी कुटुंबं, बोटी, सगळं. वर्कअवेवर दिवसाला साधारण पाच तास, आठवड्याला पाच दिवस असा अंदाज धरतात. फी भरण्याआधी फुकटात होस्टची यादी बघता येते, तेव्हा आधी तुम्हाला हव्या त्या भागात, हव्या त्या महिन्यात किती होस्ट आहेत आणि त्यातल्या किती जणांना या वर्षात रिव्ह्यू मिळालेत ते बघा. यादी मोठी आणि अर्धे होस्ट झोपलेले असं बरेचदा असतं.

माझं स्पष्ट मत, या साइट्सवरचं सगळंच "व्हॉलंटिअरिंग" नसतं. धंदा चांगला चाललेलं होस्टेल पगारी माणूस ठेवायच्या ऐवजी चार व्हॉलंटिअर ठेवत असेल तर ती सेवा नाही, ती स्वस्त मजुरी आहे. तुम्हाला प्रवासात फुकट बेड हवाय आणि त्यात काही वाटत नसेल तर जा, पण आपण कुणाचं भलं करतोय असं मनात धरू नका, आणि वर जे व्हिसाचं सांगितलं ते इथे सगळ्यात जास्त लागू होतं.

आता पैसे देणाऱ्या योजना. युनायटेड नेशन्स व्हॉलंटिअर्स, १९७० मध्ये सुरू झालेली, मुख्यालय जर्मनीत बॉनला. दर महिन्याला राहण्याचा भत्ता, प्रवास, इन्शुरन्स. १८ ते २६ वयासाठी युथ गट आहे आणि त्यापुढे अनुभव असलेल्यांसाठी वेगळे. स्पर्धा भरपूर आहे, पण प्रोफाइल बनवायला पैसे लागत नाहीत, आणि त्यांच्याकडेच ऑनलाइन व्हॉलंटिअरिंग सुद्धा आहे, घरी बसून भाषांतर, डिझाइन, डेटा असली कामं. हे ऑनलाइनवालं मी कुणालाही आधी करायला सांगेन, कारण त्यातून मिळालेलं एक खरं रेफरन्स लेटर पुढे फार उपयोगी पडतं.

जर्मनीत २०११ मध्ये सक्तीची लष्करसेवा थांबवली तेव्हा फेडरल व्हॉलंटरी सर्व्हिस सुरू झाली, त्यात परदेशी लोकही घेतात, वृद्धाश्रम, हॉस्पिटल, अपंगांच्या संस्था, पर्यावरण, साधारण वर्षभर, पॉकेट मनी आणि सोशल इन्शुरन्स मिळतो, काही संस्था राहायलाही देतात. मात्र थोडं जर्मन यावंच लागतं, आणि बऱ्याच संस्था त्यांच्यासोबत कामाच्या भाषेत बोलून बघितल्याशिवाय होकार देत नाहीत. तिथलीच वेल्टव्हेर्ट्स ही योजना २००८ ची, आधी फक्त जर्मन तरुणांना बाहेर पाठवायची, २०१३ पासून भागीदार देशांतल्या तरुणांनाही जर्मनीत आणते, पण अर्ज तुमच्या देशातल्या भागीदार संस्थेमार्फत करावा लागतो, थेट नाही. हातात व्यवसाय असलेल्या, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर, मॅनेजमेंटवाल्या लोकांनी व्हीएसओ बघावं, १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली संस्था आहे आणि ती अनुभवी माणसं शोधते.

याशिवाय काही जागा आहेत ज्या याद्यांमध्ये फारशा येत नाहीत आणि मला त्या सगळ्यात आवडतात. कॅम्पहिल कम्युनिटीज घ्या, पहिली १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कार्ल कोनिग यांनी उभारली, आता बऱ्याच देशांत आहेत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसोबत एकाच घरात राहायचं, स्वयंपाक, बाग, वर्कशॉप सगळं मिळून, बदल्यात खोली, जेवण, पॉकेट मनी, साधारण वर्षभरासाठी. काम हलकं नाही, रात्री उठावं लागतं, माणसांची सवय लागावी लागते, पण ज्यांना खरंच काहीतरी करायचंय त्यांच्यासाठी यापेक्षा सरस फार कमी आहे.

आपत्तीनंतरचं बांधकाम करायचं असेल तर ऑल हँड्स अँड हार्ट्स ही संस्था, भाग घ्यायची फी नाही, राहणं-जेवण ते देतात, प्रवास तुमचा. हातोडा कधी धरला नसेल तरी चालतं, ते शिकवतात. समुद्राची ओढ असेल तर सी शेफर्ड या समुद्री जीव वाचवणाऱ्या संस्थेच्या जहाजांवर बरेचसे लोक व्हॉलंटिअर असतात, इंजिन, स्वयंपाक, डेक, जहाजावर असेपर्यंत जेवण-राहणं मिळतं, पण महिनोन्महिने द्यायची तयारी हवी. विपश्यना सेंटर जगभर आहेत, गोएंका परंपरेतला दहा दिवसांचा कोर्स पूर्ण केलेल्यांना तिथे सेवा देता येते, राहणं-जेवण फुकट, मात्र तिथले नियम पाळावे लागतात आणि रोज ध्यानालाही बसावं लागतं, फुकट हॉटेल समजून गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. स्पेनमधल्या सान्तियागोच्या पदयात्रेच्या वाटेवर देणगीवर चालणाऱ्या धर्मशाळा आहेत, त्या पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने व्हॉलंटिअर सांभाळतात, अट ही की तुम्ही स्वतः आधी ती वाट चाललेली असावी आणि छोटं ट्रेनिंग घेतलेलं असावं.

फ्रान्समध्ये उन्हाळ्यात पुरातत्त्व उत्खननं चालतात आणि तिथलं संस्कृती मंत्रालय दरवर्षी व्हॉलंटिअर घेणाऱ्या साइट्सची यादी काढतं. बरेच ठिकाणी तंबूत राहायचं, जेवण मिळतं, फी नसते किंवा नावापुरती असते. धनुर्वाताची लस लागते. जुन्या वाड्या-किल्ल्यांची डागडुजी आवडत असेल तर तिथलीच रांपार ही संस्था बघा, रोजची थोडीशी रक्कम घेतात.

वर्ककॅम्प हा सगळ्यात जुना प्रकार. १९२० मध्ये पिएर सेरेझोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दनजवळच्या एका गावात वेगवेगळ्या देशांच्या लोकांना घेऊन घरं उभारायला सुरुवात केली, त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल उभी राहिली. आजही दोन-तीन आठवड्यांचे कॅम्प असतात, वेगवेगळ्या देशांची दहा-पंधरा माणसं, शाळेत किंवा हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं, स्वयंपाक पाळीने. एकदाच थोडी फी, नंतर जेवण-राहणं त्यांचं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आणि एकट्याने जायची भीती वाटणाऱ्यांसाठी हे बेस्ट. आपल्या देशातली शाखा शोधून तिच्यामार्फत अर्ज करायचा असतो.

प्राणी-पक्षी-जंगल यात रस असेल तर "व्हॉलंटिअर" हा शब्दच टाकू नका. "फील्ड असिस्टंट, राहण्याची सोय" असं शोधा. संशोधकांना हंगामभर पक्ष्यांना रिंगा घालायला, माकडांच्या मागे पहाटे चारला फिरायला, डेटा भरायला माणसं लागतात, ते राहायला-खायला देतात, कधी थोडे पैसेही. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचा वाइल्डलाइफ जॉब बोर्ड यासाठी प्रसिद्ध आहे. मानवतावादी कामांसाठी युएनच्या ओचा या विभागाची रिलीफवेब साइट आणि सर्वसाधारण शोधासाठी आयडियलिस्ट ही साइट, दोन्हीकडे फिल्टर लावून ईमेल अलर्ट ठेवा आणि विसरून जा, येत राहतील.

मोठ्या क्रीडास्पर्धांबद्दल बरेच जण विचारतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिक-पॅरालिम्पिकला ४५ हजार व्हॉलंटिअर होते, युनिफॉर्म, ड्यूटीच्या वेळचं जेवण, शहरातला प्रवास मिळाला, पण राहायचं ज्याचं त्याने बघायचं होतं. आणि स्पर्धेच्या काळात राहणंच तर सगळ्यात महाग. तिथे कुणी ओळखीचं असेल तरच विचार करा.

चौथी पायरी: मधल्या माणसाला बाजूला ठेवून थेट विचारा

पैसे घेणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः काही चालवत नाहीत बरेचदा, त्या तुम्हाला कुठल्यातरी स्थानिक संस्थेकडे पाठवतात. तेव्हा त्यांच्या पानावरचे फोटो, गावाचं नाव, प्रोजेक्टचं वर्णन बघून ती स्थानिक संस्था शोधा आणि तिला थेट लिहा. कधी कधी तेच काम फक्त जेवणाच्या खर्चात मिळतं. कधी ते सांगतात की आमचा त्या कंपनीशी करार आहे, मग विषय संपला. त्या देशाच्या भाषेत ट्रान्सलेट करून सर्च केलं तर ज्या संस्थांनी कधी इंग्रजी वेबसाइटच बनवली नाही त्या सापडतात, आणि त्यांच्याकडे गर्दीही कमी असते.

मेसेज कसा लिहायचा यावर थोडं थांबतो, कारण होकार-नकार इथेच ठरतो. एकच मेसेज तीस जणांना कॉपी-पेस्ट केला की समोरच्याला पहिल्या ओळीत कळतं. आठ-दहा ओळी पुरतात. पहिल्या ओळीत तारखा, कारण त्यांना आधी तेच बघायचं असतं. मग त्यांच्या पानावरची एखादी नेमकी गोष्ट, म्हणजे "तुम्ही लिहिलंय की पावसाळ्याआधी छपराचं काम संपवायचंय, मी दोन वर्षं सुताराबरोबर काम केलंय, छपराच्या फळ्या बसवल्यात, फोटो जोडलेत". मग भाषा कुठल्या येतात, काय जमणार नाही, म्हणजे उंचीवर चढता येत नाही किंवा गाडी चालवता येत नाही, हे सुद्धा लिहा, त्याने विश्वास बसतो. व्हिसा कुठला काढणार ते लिहा. शेवटी एक प्रश्न विचारा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढे चला.

पाचवी पायरी: तपासणी

फी घेतली म्हणजे फसवणूक असं नाही, हे परत सांगतो. मर्सी शिप्स ही हॉस्पिटल जहाजं चालवणारी संस्था १९७८ पासून आहे, खरं काम करते, आणि बरीच वर्षं तिथले सर्जनसुद्धा स्वतःच्या राहण्या-जेवणाचे पैसे स्वतः भरायचे. फी कुठे जाते हे संस्था सांगते का, यावर सगळं आहे. विचारा सरळ, की माझ्या रकमेतलं जेवण-राहण्याला किती, प्रोजेक्टला किती, ऑफिसला किती. उत्तर गोलमोल आलं तर समजा.

संस्था खरी आहे का हे बघायला सरकारी रजिस्टर आहेत. इंग्लंड आणि वेल्सचं चॅरिटी कमिशन चॅरिटींची माहिती आणि हिशोब फुकट दाखवतं, अमेरिकन संस्थांचे फॉर्म ९९० (दरवर्षी कर खात्याला द्यायचा हिशोब) प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर मिळतात. प्राण्यांचं अभयारण्य म्हणवणाऱ्या जागेला ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीजची मान्यता आहे का ते बघा. मागच्या व्हॉलंटिअरपैकी दोघांशी बोलायला द्या म्हणा, आणि ते दोघं संस्थेने निवडलेले नसतील तर आणखी चांगलं, सोशल मीडियावर टॅग केलेल्या फोटोंमधून माणसं सापडतात.

दोन प्रकारांपासून लांबच राहा, फुकट असले तरी. पहिला, अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी जाणं. कंबोडियात युनिसेफच्या मदतीने झालेल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की तिथल्या अनाथाश्रमांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, किमान एक जण, जिवंत होते. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणून गरीब घरांतून मुलं आणून ठेवली जातात, हे नेपाळमध्येही उघड झालंय, आणि २०१९ मध्ये युएनच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याची दखल घेतली. शिवाय दर दोन आठवड्यांनी नवीन माणूस येतो, लळा लावतो, जातो, त्या मुलांचं काय होत असेल? जी संस्था तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन न मागता तुम्हाला थेट मुलांमध्ये सोडते ती मुलांचा विचार करत नाही एवढं नक्की.

दुसरा, सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजणं आणि तसले प्रकार. दक्षिण आफ्रिकेत हे छावे "आईने सोडलेले" म्हणून दाखवतात, प्रत्यक्षात आईपासून मुद्दाम वेगळे केलेले असतात, आणि मोठे झाले की कुंपणातल्या शिकारीला किंवा हाडांच्या व्यापाराला जातात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीनेच हा पिंजऱ्यातल्या पैदाशीचा धंदा बंद करा असं सांगितलं. साधा नियम ठेवा, जिथे जंगली प्राण्याला हात लावून फोटो काढू देतात तिथे जायचं नाही.

आणि सरळसरळ फ्रॉड, तो वेगळाच. युएन भरतीसाठी कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही, त्यामुळे "युएनमध्ये निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा" असा मेल आला की डिलीट. फुकट मेल सर्व्हिसवरचा पत्ता, व्हिडिओ कॉलला टाळाटाळ, पैसे खासगी माणसाच्या खात्यावर, आज भरा नाहीतर सीट जाईल, यातलं एक जरी दिसलं तरी थांबा.

सहावी पायरी: जाण्याआधी सगळं लेखी

दिवसाचे तास किती, आठवड्याची सुट्टी किती, झोपायची सोय कशी, खोली एकट्याची की सहा जणांची, दरवाजाला आतून कडी आहे का, जेवण तीन वेळा की फक्त कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी जेवायचं काय, तुम्ही काय खात नाही ते त्यांना चालेल का, जवळचा दवाखाना किती लांब, इंटरनेट आहे का, आजारी पडलो तर काम बुडालेलं धरणार का. हे सगळं मेसेजमध्ये विचारून घ्या आणि जपून ठेवा. विचारायला लाज वाटू देऊ नका, चांगला होस्ट उलट खूश होतो. एकट्या मुलीने जाताना घरात आणखी कोण कोण राहतं हे नाव घेऊन विचारावं, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हणावं, आणि आधी राहिलेल्या एखाद्या मुलीशी बोलल्याशिवाय हो म्हणू नये.

सातवी पायरी: उरलेला खर्च

जेवण-राहणं फुकट असलं तरी तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, लसी आणि कागदपत्रं हे राहतंच, आणि या पाचांचा अंदाज ठिकाण पक्कं करण्याआधीच काढायचा. लांबच्या महागड्या तिकिटापेक्षा शेजारच्या देशात जास्त दिवस थांबणं परवडतं, आणि आधीच कुठे प्रवासाला जाणार असाल तर त्यालाच काही आठवडे जोडले की तिकीट फुकटात बसतं.

इन्शुरन्सची पॉलिसी वाचा म्हणजे खरंच वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत अंगमेहनतीचं काम, यंत्रं, उंचीवरचं काम बहुतेक वेळा वगळलेलं असतं, म्हणजे शेतावर बोट कापलं तर क्लेम नाही. कंपनीला मेलवर विचारा की मी अमुक ठिकाणी बिनपगारी शेतकाम करणार आहे, कव्हर आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते, सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी चालू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पोलिसांचं सर्टिफिकेट, डिग्रीवर अपॉस्टिल (परदेशात चालावी म्हणून सरकारी शिक्का) यालाही वेळ लागतो.

पैसे उभे करायचे तर आधी कॉलेज, युनिव्हर्सिटी, व्यावसायिक संघटना यांचे छोटे प्रवास-फंड बघा, मोठ्या स्कॉलरशिपपेक्षा तिथे अर्ज फार कमी येतात. विकिपीडियावर किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये नियमित योगदान देणाऱ्यांना विकिमेनिया आणि डेबकॉन्फसारख्या परिषदांना जायला प्रवासखर्च मिळू शकतो, त्याला जोडून पुढे कुठे जाता येतं. वाटेत एक-दोन रात्री काढायला बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स हे पाहुणचाराचे फुकट नेटवर्क आहेत, सायकलवाल्यांसाठी वॉर्मशॉवर्स आहे, मात्र ते सगळं फुकट नाही.

एक रक्कम मात्र हात न लावता वेगळी ठेवा, परतीचं तिकीट आणि तीन-चार रात्रींचं साधं लॉज निघेल एवढी. होस्टला तिच्याबद्दल सांगायची गरज नाही. तिथे पोचल्यावर कामाचे तास दुप्पट निघाले, खोली दाखवली ती नव्हतीच किंवा कुणाची नजर बरोबर वाटली नाही, तर भांडत बसायचं नाही, पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही, ज्या साइटवरून गेलात तिथे लगेच कळवायचं आणि त्याच दिवशी बॅग उचलून निघायचं. रिव्ह्यू नंतर शांतपणे लिहा, तारखा आणि तास टाकून, म्हणजे पुढच्या माणसाला ठरवायला काहीतरी हातात राहील.